व्लादिवोस्तोकच्या पुढं धुरा नाही

इर्कुत्स्कच्या पूर्वेला काय आहे, हे मला आजही कोणी गाढ झोपेतून उठवून विचारावं. बैकल सरोवर. पश्चिमेला क्रास्नोयार्स्क, दक्षिणेला मंगोलिया आणि उत्तरेला पार वर, जिथं नुसता बर्फ, तिथं याकुत्स्क. मॅट्रिकला भूगोलात काठावर पास झालेली बाई मी. माझ्या अकोल्याच्या मास्तरांनी हे ऐकलं असतं तर त्यांना घेरीच आली असती. पण हे मला मास्तरांनी नाही शिकवलं. शिकवलं ते मराठी चौथी झालेल्या एका चेनमननं, आणि तेही पत्ते कुटता कुटता.

नामदेव खंडारे त्यांचं नाव. आम्ही खंडारेभाऊ म्हणायचो. चेनमन म्हणजे शेत मोजताना लोखंडी साखळी ओढणारा माणूस. सर्व्हेअर बाभळीच्या सावलीत उभा राहून आकडे लिहितो, चेनमन काट्याकुट्यातून साखळी ओढतो आणि कागदावर लागतं की मोजणी सर्व्हेअरनं केली. खंडारेभाऊंनी बावीस वर्षं अशी साखळी ओढली. भातकुलीपासून पार अचलपूरपर्यंतच्या काळ्या जमिनी त्यांच्या पायाखालून गेल्या. त्यातली वीतभर जागाही त्यांची नव्हती.

मी अमरावतीच्या त्या मोजणी कचेरीत ट्रेसर, म्हणजे नकाशांच्या नकला काढणारी, म्हणून लागले, तेव्हा मला पाहायला बाहेरच्या ओट्यावर माणसं जमली होती. कचेरीत बाई! हेड सर्व्हेअर देशमुख साहेबांनी माझं टेबल रेकॉर्डच्या खोलीत, पार कोपऱ्यात टाकलं. म्हणजे माझी अब्रू आणि त्यांची, दोन्ही एकदमच सांभाळली गेली. पहिल्याच दिवशी एक उंच, वाळलेला माणूस दारातून आत आला, मोजत मोजत पाण्याच्या माठापर्यंत गेला आणि वळून मला म्हणाला, “अकरा पावलं होते बाई, तुमच्या टेबलापासून. उन्हाळ्यात हिशेबानं उठत जा.”

खंडारेभाऊंना सगळं पावलांनी मोजायची सवय होती. साहेबांच्या खोलीपर्यंत एरवी बारा पावलं. साहेब रागात असले की पंधरा भरत. मी म्हटलं, खोली तीच, मग तीन पावलं वाढतात कशी? तर म्हणाले, “पाय लहान पडते ना बाई, भेवानं.” आणि भीती तर त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी उभ्या जन्मात पाहिली नाही.

दुसरी सवय म्हणजे, “हरकत हाये का कोनाची?” मोजणी झाली, हद्दीचे दगड रोवले, की जमलेल्या लोकांना मोठ्यानं असं विचारायचं असतं. ते काम चेनमनचं. बावीस वर्षं ओरडून ओरडून ते वाक्य त्यांच्या जिभेला असं चिकटलं होतं, की चहाचा कप उचलायच्या आधीही ते चारी दिशांना बघून विचारत, “हरकत हाये का कोनाची?” स्वतःच्या लग्नात हार घालताना विचारलं म्हणे, आणि बायकोचा एक मामा खरंच उठून उभा राहिला. त्याच्या पानात लाडू आला नव्हता.

आता पत्त्यांचं सांगते. पावसाळ्यात मोजणी बंद असते. काळ्या मातीत पाय घातला तर पाय बाहेर येतो, चप्पल येत नाही. साखळी कुठून ओढणार? मग ते चार महिने सगळे कचेरीत आणि दुपारच्या सुट्टीत करायला काही नाही. देशमुख साहेबांना झब्बू खेळायचं भारी वेड; ज्याचे पत्ते आधी संपले तो जिंकला, शेवटी ज्याच्या हातात उरले तो हरला. दौऱ्यावर असताना त्यांनी आपल्या दोन्ही चेनमनना, म्हणजे खंडारेभाऊंना आणि मुनाफभाईंना, खेळायला बसवलं होतं. तीच बैठक पावसाळ्यात माझ्या रेकॉर्डच्या खोलीत भरू लागली, कारण तिथं बाहेरून कोणी डोकवत नसे. पत्ते पिसायचे आणि वाटायचे ते कायम मुनाफभाईंनी. असं का, ते कोणी विचारत नव्हतं आणि कोणी सांगत नव्हतं. साहेब ऐंशी एकर काळीचे धनी, घरंदाज. खंडारेभाऊ वर्षभरापूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. त्यांच्या हातचे पत्ते साहेब उचलत, पण ते मुनाफभाईंच्या हातातून आलेले असले तर. मला सगळं दिसत होतं. मी नवी होते, एकटी होते आणि तोंड दाबून बसले, हे लाज वाटत असली तरी सांगितलं पाहिजे.

नुसता झब्बू फार दिवस गोड लागत नाही. काहीतरी लावायला हवं. साहेब म्हणाले, “पैसे नाही लावायचे. सरकारी इमारत आहे.”

“मंग जमीन लावू,” खंडारेभाऊ म्हणाले.

साहेब खो खो हसले. “काहून रे, तुह्याकडं कुठं आहे जमीन लावायले?”

खंडारेभाऊही हसले, पण जरा उशिरा.

मुनाफभाईंना असलं अवघडलेपण सोसत नसे. ते उठून कपाटाची झाडाझडती घ्यायला लागले आणि एक जुना, इंग्रजांच्या वेळचा नकाशांचा ग्रंथ काढला. काढला म्हणजे काय, उचलल्याबरोबर त्याचा भुगा खाली पडला. वाळवीनं आफ्रिका खाल्ली होती, अमेरिका खाल्ली होती, आपला देशसुद्धा सोडला नव्हता. मधलं एक मोठं दुहेरी पान तेवढं जसंच्या तसं होतं. रशिया.

“सारं जग खाल्लं लेकाच्यायनं,” खंडारेभाऊ पानावरची माती फुंकत म्हणाले, “हे तेवढं सोडलं. कडू लागलं असन.” मग त्यांचे डोळे चमकले. “साहेब, हे लावू. तिथं म्हन्ते कोनाच्या मालकीची जमीनच नाही, सारी सरकारची. म्हनजे हरकत घेनाराबी कोनी नाही!”

झालं, वाटणी ठरली. शहरांची नावं इंग्रजीत होती, ती मी वाचली आणि बाजूला पेन्सिलीनं मराठीत लिहिली. वाचता वाचता जीभ लचकायची पाळी आली. चेल्याबिन्स्क! मुनाफभाई म्हणाले, “बाई, ये गाँव है के खाँसी?” पण चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला सारखी शहरं दिली. डावात जो हरेल त्याचं एक शहर जिंकणाऱ्यानं घ्यायचं. पान राहील माझ्या ड्रॉवरमध्ये, कुलपात. आणि पंच मीच.

इथं खंडारेभाऊंनी नियम घातला. शहर असं फुकट घ्यायचं नाही. जमिनीचा कोणताही कागद चतुःसीमा लिहिल्याशिवाय पुरा होत नाही: पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, दक्षिणेला काय, उत्तरेला काय. तसंच इथं. जिंकणाऱ्यानं पान न पाहता त्या शहराच्या चारी बाजू सांगायच्या. चुकला तर शहर जुन्या मालकाकडंच. “हरकत हाये का कोनाची?” कोणाची नव्हती.

आणि मग त्या खोलीत जे सुरू झालं ते काय सांगू! कझानसाठी माणसं जेवण सोडून पान बघायला माझ्या टेबलापाशी रांग लावायची. मी दुपारच्या आधी मिनिटभर पान उघडायची आणि लगेच बंद. साहेब फाइलवर सही करता करता पुटपुटत, “पूर्वेस नोवोसिबिर्स्क, पूर्वेस नोवोसिबिर्स्क.” मुनाफभाईंनी मुलीच्या सोयरिकीला जाताना गाडीत पाठ करून ओम्स्क घेतलं. एकदा बाहेर एक शेतकरी आपल्या नकलेसाठी ताटकळत बसला होता. आतून त्यानं ऐकलं, काल टोम्स्क खंडारेकडं गेलं. बिचारा दारात आला. “भाऊ, हे टोम्स्क कोनत्या तालुक्यात येते?”

खंडारेभाऊंनी पानातून मान वर केली नाही. “अचलपूरच्या वर. लय वर.”

“पानी कसं हाये?”

“पानी हाये, पन गोठलेलं हाये.”

तो माणूस विचार करत करत गेला. पुढं महिनाभरानं परत आला तेव्हा मला हळूच विचारतो, तिकडं कपाशी होते का म्हणून. मी म्हटलं, नाही हो दादा, नका जाऊ.

वर्ष-दोन वर्षांत अर्धा सायबेरिया खंडारेभाऊंच्या नावावर झाला. ते खेळत फार छान, आणि चतुःसीमा तर त्यांचा हातचा मळ. पण एक गोष्ट होती. पहिल्या वाटणीत त्यांना व्लादिवोस्तोक मिळालं होतं, अगदी उजव्या हाताच्या कोपऱ्यातलं. ते त्यांनी कधी लावलं नाही. साहेबांनी त्याच्या बदल्यात मॉस्को देऊ केलं. लेनिनग्राड वर घालतो म्हणाले. खंडारेभाऊ मान हलवत. “ते नाही, साहेब.” का नाही, ते सांगत नसत.

साहेबांचा जीव होता स्टालिनग्राडवर. लढाईचं गाव, म्हणायचे, मर्दाचं गाव. सहा वेळा हरून सातव्यांदा त्यांनी ते मुनाफभाईंकडून मिळवलं होतं. आणि एक दिवस पेपरात आलं की त्या गावाचं नावच बदललं. व्होल्गोग्राड झालं.

दुपारी खंडारेभाऊ पेपर घेऊनच बसले. “साहेब, तुमचं गाव गेलं. त्या नावाचं गाव आता नाही.”

“गेलं कसं?” साहेब तापले. “नाव बदलल्यानं काय होते? गाव तेच, जागा तीच!”

मी दचकून वर पाहिलं. कारण नेमके हेच शब्द मी आधी एकदा ऐकले होते. खंडारेभाऊंनी दीक्षा घेतल्यावर आपल्या नोकरीच्या पुस्तकातली जात बदलून घ्यायला अर्ज दिला होता, तेव्हा साहेब हसून म्हणाले होते, नाव बदलल्यानं काय होते बे खंडारे, माणूस तोच, जागा तीच. आणि त्यानंतरही ते रागाच्या भरात जातीचा तो जुना शब्द वापरतच होते.

खंडारेभाऊ अगदी साळसूद चेहऱ्यानं म्हणाले, “बरोबर हाये साहेब. गाव तुमचंच राहू द्या. पन एक नियम करू. जो जुनं नाव घेईन, त्याचं गाव जाईन. हरकत हाये का कोनाची?”

“नाही!” साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. “नियम करा नाही तर काही करा, स्टालिनग्राड माझंच आहे!”

मुनाफभाईंनी तोंडाला रुमाल लावला. मी पंच, मला हसता येईना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. साहेबांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. गाव गेलं, पाच सेकंदांत.

खंडारेभाऊ हसले नाहीत. पत्ते गोळा करता करता हळूच म्हणाले, “सवय व्हाले वेळ लागते, साहेब. मीबी तं वाट पाहूनच राहिलो.”

साहेब त्या दिवशी डाव अर्धा टाकून उठले. पण त्यानंतर त्यांच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नाही. एकदा अर्धा आला होता. तो त्यांनी गिळला आणि वर गटागटा पाणी प्यायले.

आता खरी गोष्ट. खंडारेभाऊंच्या गावात, भातकुलीच्या पलीकडं, नाल्याकाठची अडीच एकर सरकारी पडीत जमीन भूमिहीनांना द्यायची होती. खंडारेभाऊंनी अर्ज केला आणि तो वरून मंजूरही झाला. राहिली फक्त मोजणी. एक दिवस ठरवायचा, जायचं, साखळी टाकायची, दगड रोवायचे. पण ती तारीख काही निघेना. एक हंगाम गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. कारण अख्ख्या कचेरीला ठाऊक होतं. त्या पडीताला लागून शेत होतं ते साहेबांच्या मेहुण्याचं, आणि मेहुण्यानं धुरा, म्हणजे आमच्या भाषेत शेताचा बांध, आत सरकवून ठेवला होता. साखळी पडली असती की ते उघडं पडलं असतं. खंडारेभाऊ वर्षभर परक्यांची शेतं मोजत, आणि स्वतःच्या शेताच्या तारखेसाठी साहेबांच्या खोलीच्या दारात उभे राहत. त्या दिवसांत मी त्यांची पावलं मोजली होती. बारा. एकही कमी-जास्त नाही.

श्रावणातली दुपार होती. डाव मांडायच्या आधी ते म्हणाले, “साहेब, आज दोघंच खेळू. एकच डाव. मी हरलो तं माह्या जवळचं सारं तुमचं. सायबेरिया पुरा. व्लादिवोस्तोकसकट.”

साहेबांचे डोळे मोठे झाले. “आणि जिंकलास तर?”

“मले शहर नको. एक तारीख पाहिजे.”

“तारीख माझ्या हातात आहे काय? ती फाइल वर गेली आहे.”

“वर नाही साहेब, खाली. तुमच्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरात. डाव्या हाताले.”

साहेबांना नाही म्हणता येईना, व्लादिवोस्तोकही सोडवेना. मुनाफभाईंनी वाटलं. मी खंडारेभाऊंच्या मागंच बसले होते, त्यांचा हात मला दिसत होता. डाव रंगत रंगत शेवटी दोघांकडं दोन दोन पानं उरली, आणि उतारी खंडारेभाऊंची. त्यांच्या हातात किलवरची दुर्री आणि बदामचा राजा. साहेबांकडचं बदाम केव्हाच संपलं होतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. दुर्री टाकली की डाव जिंकला.

खंडारेभाऊंनी राजा टाकला.

साहेबांनी ओरडून झब्बू दिला, म्हणजे दुसऱ्याच रंगाचं पान मारून दोन्ही पत्ते खंडारेभाऊंच्या गळ्यात घातले. पुढच्या हाताला त्यांचं शेवटचं पानही गेलं, आणि खंडारेभाऊ पत्ते हातात धरून बसून राहिले. साहेब उठून खिडकीपर्यंत जाऊन आले, इतका आनंद झाला होता त्यांना.

ते गेल्यावर मी खंडारेभाऊंवर तुटून पडले. “डोळे फुटले होते का तुमचे? दुर्री होती हातात! घरच्यांचा तरी विचार करायचा होता!”

“हळू बोला बाई,” ते म्हणाले. “जिंकलो असतो तं साहेबानं तारीख दिली असती, पन ते तारीख कधी आली नसती. पत्त्यात हरून जमीन कोन सोडते? आता त्यायले फिरू द्या साऱ्या सायबेरियात. पायी. एकेका गावाच्या चारी बाजू पाठ करू द्या. चतुःसीमा पाठ केली का मानसाले जराशी लाज येते. बावीस वर्षं पाह्यलं म्या.”

मला ते काही पटलं नाही. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

साहेब मात्र रोज दुपारी माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसायला लागले. डबा निवायचा, बाहेर लोक खोळंबायचे आणि ऐंशी एकरांचा धनी बोट ठेवून ठेवून चिता, क्रास्नोयार्स्क, खाबारोव्स्क घोकायचा. मी पंच म्हणून फार कडक वागले. एक बाजू चुकली की दुसऱ्या दिवशी या. मनात म्हटलं, तीन हंगाम थांबवलंत ना, आता बसा. तीन आठवडे गेले. एक एक करत सगळी शहरं त्यांच्याकडं गेली. राहिलं व्लादिवोस्तोक.

त्या दिवशी साहेबांनी पान बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, “खंडारे, यात काय आहे असं? एवढी वर्षं धरून बसलास?”

खंडारेभाऊ उठून आले आणि पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “साहेब, बावीस वर्षात म्या असं शेत नाही पाह्यलं, जिथं धुरा जागेवर होता. एक वीतभर सरकवते, दुसरा हातभर सरकवते, आन् मंग डोके फुटते. या गावाच्या पूर्वेले समुद्र. दक्षिणेले समुद्र. याच्या पुढं कोनाचा धुराच नाही. समुद्रात कोन नांगर घालन?” त्यांनी पानावरचं बोट उचललं. “ज्याले जमीन नाही, त्यानं खेळात तरी असं गाव धरावं ना साहेब, जिथं कोनाचा मेहुना शेजारी नाही.”

मुनाफभाईंना ठसका लागला, खरा का खोटा देव जाणे. मी पेन्सिलीला टोक करायला घेतलं, ती मोडली. साहेबांची मान खाली. मी म्हटलं, आता हा माणूस खंडारेभाऊंची तेल्हाऱ्याला बदली करतो. पण त्यांनी पानाची घडी घातली, माझ्याकडं दिली आणि म्हणाले, “बाई, हे आत ठेवा.” व्लादिवोस्तोकच्या चारी बाजू त्यांनी सांगितल्याच नाहीत. म्हणजे नियमानं ते खंडारेभाऊंकडंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालचं ड्रॉवर उघडल्याचा आवाज मी माझ्या खोलीतून ऐकला.

मोजणी दिवाळीनंतर झाली. मी तिथं नव्हते. मुनाफभाईंनी सांगितलं ते सांगते. ज्याची जमीन त्यानं साखळीला हात लावायचा नाही, असा कायदा. त्यामुळं एक टोक मुनाफभाईंकडं, आणि दुसरं धरायला माणूस नाही. देशमुख साहेबांनी कोट काढून बाभळीला अडकवला आणि दुसरं टोक स्वतः धरलं. “बाई,” मुनाफभाई म्हणाले, “बाईस साल उसके हाथ में चेन देखी. उस दिन हाथ खाली थे, तो आदमी को समझा ही नहीं के रखूँ कहाँ. जेब में डाले, निकाले, फिर डाले.” धुरा चांगला सात हात आत सरकलेला निघाला. दगड रोवून झाल्यावर साहेबांनीच मोठ्यानं विचारलं, हरकत आहे का कोणाची? परीटघडीच्या धोतरातल्या मेहुण्यानं तोंड उघडलं. साहेब म्हणाले, “तुझी हरकत तू घरी सांग.”

मोजणीनंतरच्या पहिल्या डावाला मुनाफभाईंनी नेहमीसारखा पत्त्यांचा जोड उचलला. साहेबांनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि खंडारेभाऊंपुढं ठेवला. “पिस.” खंडारेभाऊंनी पिसले, वाटले. वाटताना त्यांचे एक-दोन पत्ते खाली पडले. एवढ्या वर्षांत त्यांना तशी सवयच नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात खंडारेभाऊंनी ओम्स्क, टोम्स्क आणि इर्कुत्स्क पुन्हा जिंकून घेतली, आणि मग माझी अकोल्याला बदली झाली. टेबल आवरताना ते रशियाचं पान माझ्या पिशवीत कसं आलं, ते मला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, पण सरकारी मालमत्तेबद्दल बाईमाणसानं किती सांगावं? तीन-चार वर्षं ते ट्रंकेत पडून होतं. मग एकदा अमरावतीला लग्नाला गेले होते, तर ठरवलं, ज्याचं त्याला देऊन यावं. एस.टी.नं भातकुली, तिथून पुढं एका खाचरात, म्हणजे लहान बैलगाडीत, बसून गेले.

शेतात खंडारेभाऊंची बायको, सरूबाई, तूर निंदत होती. कधी तालुक्याबाहेर न गेलेली, अक्षरशत्रू बाई. मी विचारलं, “भाऊ कुठं गेले?”

“ते?” तिनं विळा हातातच धरून पलीकडं दाखवलं. “इर्कुत्स्काकडं गेले. डुकरं हाकलाले.”

मी तिथंच धुऱ्यावर बसले आणि पोट धरून हसले. शेताच्या हद्दीच्या दगडांना त्यांनी नावं ठेवली होती. एक ओम्स्क, एक टोम्स्क, एक इर्कुत्स्क. चौथा दगड नाल्याकाठी, मेहुण्याच्या शेताला लागून होता. पुढं पाणी. मला विचारायची गरजच नव्हती.

खंडारेभाऊ आले. केस पांढरे झाले होते, चाल तीच. मी पान पुढं केलं. त्यांनी ते उलगडून मांडीवर ठेवलं, एकदा हात फिरवला आणि परत घडी घातली. “तुमीच ठेवा बाई. पंचाजवळच असावं. मले पाठ हाये.” मग डोळे बारीक करून म्हणाले, “देशमुख साहेब आले होते मागच्या महिन्यात. रिटायर झाले ना, घरी करमत नाही. पत्ते घेऊन आले. इथंच नाल्यावर बसलो.”

“मग?”

“व्लादिवोस्तोक हरलो.”

“हरलात?” मला धक्काच बसला. “आणि त्यांनी चतुःसीमा सांगितली?”

“घडाघडा. आता मले कायले लागते बाई ते गाव? साहेबाले असू द्या. पन पंचाईत झाली. या दगडाले आता व्लादिवोस्तोक कसं म्हनावं? ते तं साहेबाचं झालं. मंग नाव बदललं.” गालातल्या गालात हसले. “नाव बदलल्यानं काय होते?”

“काय ठेवलं?”

ते सांगणार, तेवढ्यात सरूबाईनं तुरीतून हाक मारली. “अवो! भाकर देशमुखाच्या डोक्यावर ठेवली हाये! कुत्रं नेईन!”

खंडारेभाऊ धोतर सावरत असे धावले की पावलं मोजायचं भानही राहिलं नाही. त्या दगडावरून भाकरी उचलून त्यांनी छातीशी धरली आणि मला ओरडून म्हणाले, “लय इमानदार दगड हाये बाई! एक बोटभर सरकू देत नाही!”

आम्ही तिथंच बसून ठेच्याशी भाकरी खाल्ली. निघताना मी विचारलं, “साहेबांनी त्या दिवशी तुमच्याकडून आणखी काय लावून घेतलं?”

“म्हन्ते, खंडारे, आता तं तुह्याकडं जमीन हाये. लाव.” त्यांनी तळपाय खालच्या काळ्या मातीत जरा रुतवला. “म्या म्हटलं, लावतो ना साहेब. ओम्स्क लावतो, टोम्स्क लावतो, पाहिजे तं मॉस्को जिंकून आनतो अन् तेबी लावतो. हे नाही लावत.”

आणि जुन्या सवयीनं त्यांनी चारी दिशांना मान फिरवली, मेहुण्याच्या कपाशीच्या पराटीकडं, नाल्याकडं, तुरीत वाकलेल्या सरूबाईकडं, आणि मोठ्यानं विचारलं, “हरकत हाये का कोनाची?”

मी पंच होते. मी नीट वाट पाहिली. हरकत कोणाचीच नव्हती.